घरतांच्या पत्रिकेतली गळती

मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४. नळाला पाणी उशिरा. मांदेली ताजी मिळाली, तळली. कुरियरवाल्याने पुन्हा मेझूझाला बेल समजून दाबलं. दुपारी शोभा घरत आली, रडली, चहा न पिता गेली. चहा मी प्यायले. तिच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत अख्ख्या गावाची नावं आहेत, तिचंच नाही. दिराने मुद्दाम गाळलं म्हणते. पत्रिका कॉम्प्युटरने काढली आहे. बघू.

मिल्का आपटेकरांच्या वहीत ‘बघू’ हा शब्द आला, की समजावं, कुणाच्या तरी फाईलचं आता काही खरं नाही. वय शहात्तर, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र शाबूत. नवरा शमुएल जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी इस्रायलला, अश्दोदला. ती दर शुक्रवारी फोन करून विचारते, “आई, इकडे कधी येतेस?” आणि मिल्काबाई म्हणतात, “आधी विचुंब्याला पाणी कधी येतं ते कळू दे, मग माझं सांगते.” त्या शाळेत असल्यापासून रोज वही लिहितात. फक्त शनिवारी नाही, कारण त्या बेने इस्रायली, आणि शब्बाथला लिहायचं नसतं. रविवारी त्या दोन दिवसांचं एकदम लिहून टाकतात. देवाला चालतं, कारण देवाने आजवर वही तपासायला मागितलेली नाही.

पनवेलजवळच्या विचुंब्यातली त्यांची इमारत घरतांच्या भातशेतावर उभी आहे. ज्या जागी मिल्काबाईंचं स्वयंपाकघर आहे, तिथे पूर्वी आपला बैल बसायचा, असं दयाराम घरत पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. पाहुणे मग मिल्काबाईंच्या ओट्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. सगळ्यात वरच्या मजल्यावर दयारामशेठ, त्यांची म्हातारी आई जनी, बायको शशिकला आणि मुलगा प्रणित. खालच्या मजल्यावर धाकट्या भावाची, जगनची विधवा शोभा आणि तिचा मुलगा विश्वजीत. हाच नवरदेव. जासईला कंटेनरच्या यार्डात नोकरीला, आणि स्वभावाने कंटेनरसारखाच: भरलेला की रिकामा, बाहेरून कळत नाही.

मिल्काबाईंची नोकरी टेलिफोन खात्यात झाली, तीही तक्रार विभागात. आयुष्यभर लोकांनी त्यांना ‘फोन मेला’ एवढंच सांगितलं, आणि त्यांनी आयुष्यभर विचारलं, “मेला म्हणजे काय? खरखर येते, की काहीच येत नाही?” तिथे त्यांना एक गोष्ट कळली. माणूस तक्रार सांगत नाही, थेट निदान सांगतो. वायर शेजाऱ्याने कापली, लाइनमनने खुन्नस काढली, सासूने रिसीव्हर आपटला. काय झालं, ते कुणी सांगत नाही. कुणी केलं, ते मात्र सगळ्यांना ठाऊक असतं.

निवृत्तीनंतर हीच विद्या त्यांनी फायलींना लावली. मुलीने टाकून दिलेला लॅपटॉप घरात आला आणि हळूहळू सगळ्या इमारतीच्या अडलेल्या फायली त्यांच्या दारी येऊ लागल्या. कुणाच्या विम्याची पीडीएफ उघडत नाही. “करप्ट झाली हो आजी!” करप्ट कसली? ती बिचारी पासवर्ड मागत होती, आणि पासवर्ड कसा बनवायचा ते त्याच मेलमध्ये खाली लिहिलेलं होतं. कुणी मुलाच्या गुणपत्रिकेचा फोटो काढला, त्याच्या नावापुढे स्वतःच्या हाताने ‘पीडीएफ’ टाइप केलं, आणि कॉलेजची साइट ती घेत नाही म्हणून कॉलेजला शिव्या घातल्या. मिल्काबाई म्हणाल्या, “कोंबडीला बदक म्हणून हाक मारलीस म्हणून ती पोहायला लागेल का रे?” मेझूझाचं तेच. दाराच्या चौकटीवर लावलेल्या त्या छोट्या डबीत प्रार्थनेचा कागद आहे. ती बेल नाही, हे कुरियरवाल्याला सांगून सांगून त्या थकल्या. आता तो डबी दाबतो, वाट बघतो, मग ओरडतो. त्यातली प्रार्थना मधल्या मधे फुकट जाते.

तर शोभा. मंगळवारी दुपारी ती आली तीच मोबाइल पुढे करत. “मिल्कामावशी, बघा. शोधा माझं नाव.”

आगरी घरची लग्नपत्रिका ही पत्रिका नसते, शिरगणती असते. वर कुलदैवत. त्याखाली आशीर्वाद द्यायला भावकीतले सगळे कैलासवासी. मग निमंत्रक, मग मामा मंडळी, मग जावई, मग कार्यवाहक, आणि तळाला ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पोरं, ज्यांतल्या काहींना अजून दातही आलेले नसतात. नाव राहिलं तर माणूस लग्नाला येत नाही, आणि पुढच्या लग्नापर्यंत बोलतही नाही. मिल्काबाईंनी चष्मा लावून सगळी पत्रिका वाचली. जगन होता, आशीर्वादात. विश्वजीत अर्थातच होता. शोभा नव्हती.

“छापताना राहिलं असेल.”

“छापलंय कुठे अजून? ही प्रणितच्या प्रोग्रॅममधून आलेली फाईल आहे. म्हणतात, मशीनने काढली. मशीनला काय माझं वाकडं आहे? साखरपुड्याला ओवाळायचं ताट माझ्या हातातून काढून जाऊबाईंच्या हातात दिलं होतं भाऊजींनी. तेव्हाच कळलं मला. विधवेचं नाव नको त्यांना पत्रिकेत. माझाच मुलगा, आणि मी नाय त्याच्या लग्नाला बोलवायची?” शोभा शिकलेली, पण चिडली की ‘नाही’चं ‘नाय’ होतं. “गुरुवारी पहिली पत्रिका गावदेवीपुढे ठेवायची आहे. त्यात माझं नाव नसलं, तर मी जासईला माहेरी जाणार. भावाला सांगून ठेवलंय, गाडी पाठव. हळद लागू दे त्याला माझ्याशिवाय.”

आणि ती रडली. मग चहाचं वर लिहिलं आहेच.

बुधवारी सकाळी मिल्काबाई शोभाला घेऊन लिफ्टने वर गेल्या. शोभा येत नव्हती. मिल्काबाई म्हणाल्या, “भांडायला नाही, बघायला चल. भांडायचं ते नंतर. भांडण कुठे पळून जातंय?”

वर दयारामशेठ झोपाळ्यावर होते. झोपाळ्याखाली चटईवर जनी मोड आलेले वाल सोलत बसली होती. प्रणित लॅपटॉप घेऊन सोफ्यावर, डोळे लाल. मोठ्या कंपनीत नोकरी, आणि सुट्टी काढून हे काम.

“या मॅडम,” दयाराम म्हणाले. “तुमीच सांगा आता हिला. मी कनाला हिचं नाव काढीन? माझा काय फायदा?”

“फायद्याचं नंतर बघू, दयारामशेठ. प्रणित, काय झालं ते सांग.”

“आजी, बेसिकली फॉन्ट एम्बेड होत नाहीये. नाहीतर मग टेक्स्टबॉक्स ओव्हरफ्लो. नाहीतर—”

“हे ‘का झालं’ झालं. काय झालं?”

प्रणितने श्वास घेतला. त्याने भावकीची यादी एका तक्त्यात भरली होती, एका घराला एक ओळ. पत्रिकेचा साचा वेगळा. बटण दाबलं की प्रोग्रॅम यादीतली नावं साच्यात ओतून प्रत्येक गावासाठी वेगळी पत्रिका काढायचा, उरणकडच्यांना जासईचे मामा वर, पनवेलकडच्यांना खांदा कॉलनीचे जावई वर. सगळ्यांचा मान राहतो. कल्पना झकास होती. पण कुठल्याच गावाच्या पत्रिकेत शोभाकाकी येईना. एका पत्रिकेत त्याने हाताने नाव घातलं. मग कुणा मामाचं आडनाव दुरुस्त करायला पुन्हा बटण दाबलं, सगळ्या पत्रिका नव्याने निघाल्या आणि काकी पुन्हा गायब. फायलींची नावं बघूनच त्याची अवस्था कळत होती: ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘फायनल खरी’, ‘फायनल खरी आता बस’.

“करप्ट आहे फाईल,” तो म्हणाला.

“करप्ट असती तर सगळंच बिघडलं असतं. बाकीची एवढी माणसं धडधाकट आहेत आणि एकटी शोभाच कशी आजारी पडते? काढ. मी सांगते तसं कर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.”

हे त्यांना शाळेतल्या सिस्टर एमिलियांनी शिकवलं होतं, शिवणाच्या तासाला. टाके चुकले की पोरी सगळी शिवण उसवून टाकायच्या, आणि चूक कुठे होती ते कायमचं हरवून जायचं. सिस्टर बोटांवर फूटपट्टी मारत आणि एकेक टाका उलगडायला लावत. मिल्काबाईंना शिवण कधीच आली नाही, पण उसवणं पक्कं आलं.

“अक्षर बारीक कर. बाकी कशाला हात लावू नकोस.”

प्रणितने केलं. पत्रिकेच्या तळाला एक म्हैस आरामात बसेल एवढी जागा मोकळी झाली. शोभा नाही.

“म्हणजे जागा पुरत नाही, हे खोटं. अक्षर होतं तसं कर. आता तिची ओळ यादीत सगळ्यात वर घे.”

प्रणितने ओळ वर घेतली आणि जाता जाता फॉन्टही बदलू लागला. मिल्काबाईंनी त्याच्या मनगटावर चापट मारली. “एक म्हटलं ना!”

शोभा नाहीच.

“नाव परत टाइप करून बघा,” दयाराम झोपाळ्यावरून म्हणाले. “अक्षरात कायतरी घुसलं असंल.”

“चांगली कल्पना आहे,” मिल्काबाई म्हणाल्या, आणि दयारामशेठ इतके खूश झाले की झोपाळा जरा उंच गेला. नाव परत टाइप झालं. नाही.

शोभा दाराला टेकून उभी होती. “राहू द्या मावशी. मशीनला शिकवून ठेवलंय यांनी.”

“शोभे, तू गप ऱ्हा,” जनी खालून म्हणाली. “ही शनवार तेल्याची बाय हुशार हाय. हिचा सासरा तेल काढायचा, भेसळीचा थेंब येत नव्हता त्यात.”

मिल्काबाईंचा सासरा पोस्टात होता, पण जनीच्या लेखी आपटेकर म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, ते तसेच राहणार. मिल्काबाईंनी तो मुद्दा सोडून दिला. त्यांना दुसरंच काही सुचलं होतं. बिघाड शोभाच्या ओळीत आहे की शोभासारख्या कुठल्याही ओळीत, हे बघायला शोभासारखी आणखी एक बाई हवी होती, आणि ती खोलीत होती.

“प्रणित, यादीत एक नवं घर घाल. शमुएल आपटेकर, पत्नी मिल्का.”

“तुमचं?”

“हो. आजच्यापुरती मी घरतांच्या भावकीतली.”

बटण दाबलं. निमंत्रकांमध्ये, भगतांच्या आणि म्हात्र्यांच्या मधोमध, छापून आलं: श्री. व सौ. मिल्का शमुएल आपटेकर.

मिल्काबाई त्या ओळीकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. इतक्या वर्षांनी शमुएल पुन्हा ‘श्री.’ झाला होता, आणि तेही एका बटणात. तो जिवंत असताना कुठल्याही लग्नाचं जेवण चुकवायचा नाही. आता मेल्यावर, न बोलावता, घरतांच्या मांडवातही येऊन उभा राहिला.

“आता,” त्या म्हणाल्या, “त्याला मार.”

“काय?”

“अरे, तुझ्या तक्त्यात ‘कै.’ असा एक रकाना आहे ना, तिथे खूण कर. फक्त तेवढंच.”

प्रणितने खूण केली, बटण दाबलं. शमुएल वर आशीर्वादात गेला, जगनच्या शेजारी. निमंत्रकांमध्ये भगतांच्या खाली लगेच म्हात्रे. मिल्का नावाची बाई कुठेच नव्हती.

जनीचे वाल तेवढे परातीत पडत होते.

“प्रणित,” मिल्काबाई म्हणाल्या, “खूण केली की ओळीचं काय होतं?”

“ती ओळ आशीर्वादाच्या सेक्शनमध्ये जाते. तिथे फक्त घरच्या कर्त्याचं नाव येतं, ‘कै.’ लावून.” तो बोलता बोलता हळू झाला. “आणि पत्नीचं नाव... त्याच ओळीत आहे.”

“म्हणजे नवरा कैलासाला निघाला की तुझा प्रोग्रॅम बायकोलाही त्याच गाडीत बसवतो.” त्या शोभाकडे वळल्या. “सती गेलीस गं तू. कॉम्प्युटरवर.”

शोभाला हसू यायला नको होतं. तरी आलं.

दयारामशेठ झोपाळ्यावरून उठलेच. “बघितलंत? बघितलंत ना? मी केलं नाय! आख्ख्या बिल्डिंगीत माझी बदनामी झाली. मशीननं केलं! बोल आता शोभा, बोल!”

“यादी कोणी सांगितली होती प्रणितला?” शोभाने विचारलं.

“मीच सांगितली. एका घराला एक ओळ, पुरुषाच्या नावानं. आपल्याकडं यादी तशीच असते. बापाच्या टायमापासनं.”

“म्हणजे मुद्दाम नाही केलंत.”

“नाय!”

“मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं,” शोभा म्हणाली. “तुमच्या लक्षातच आलं नाही, याचं काय करू मी?”

तेवढ्यात मिल्काबाईंनी प्रणितच्या खांद्यावरून पडद्याकडे बोट दाखवलं. बिघाड एकाच ओळीत कधी थांबत नाही, हे त्यांना तक्रार विभागापासून माहीत होतं. एक फोन बंद पडला म्हणून बघायला जावं, तर सगळी गल्ली मुकी असायची.

“जिथे जिथे ‘कै.’ची खूण आहे, त्या सगळ्या ओळी वाच. पत्नीच्या नावासकट.”

प्रणित वाचू लागला. जगन, पत्नी शोभा. मग एक चुलता, त्याची पत्नी. मग दुसरा, तो तर सगळ्यांच्या आवडीचा, त्याची पत्नी. जिवंत, ठणठणीत, भांडकुदळ बायका एकेक करत ओळींमधून बाहेर येऊ लागल्या. मग तो थांबला.

“वाच की,” दयाराम म्हणाले.

“हिराजी घरत,” प्रणित म्हणाला. “पत्नी... जनी.”

वाल सोलायचे थांबले.

“माजं काय?” जनीने विचारलं.

मिल्काबाईंनी सांगितलं. “जनीबाय, पत्रिकेत तुमचंही नाव नाही. हिराजीशेठ आहेत वर. तुम्ही त्यांच्याबरोबर गेलात.”

जनीला वाचता येत नव्हतं. तिला पत्रिका वाचून दाखवली होती ती दयारामांनीच, आणि वाचताना स्वतःच्या नावाशी थोडं थांबून. बापाचं नाव वर दिसलं, तेवढ्यात सगळ्यांना आईही आल्यासारखं वाटलं होतं. चटईवर बसलेली म्हातारी पत्रिकेत नाही, हे घरातल्या एकालाही दिसलं नव्हतं.

“दया,” जनी म्हणाली, “मी मेली हाय का रं?”

“आये, मशीननं—”

“मशीन तुज्या पोटची हाय का माज्या? मी ही अशी बसलेय तुज्या पायाशी, तुजे वाल सोलतेय, आनि माज्या नातवाच्या लग्नात मी नाय? हिराजी मेला तवा मना संगं जायचं नव्हतं, म्हनून तर ऱ्हायलेय!”

दयारामशेठ पुन्हा झोपाळ्यावर बसले. या वेळी झोपाळा हलला नाही.

उपाय सोपा होता. प्रत्येक विधवेला यादीत स्वतःची वेगळी ओळ. प्रणितने भराभर ओळी तोडल्या. प्रोग्रॅमने कुरकूर केली नाही, त्याला काय, कुणीही कर्ता चालत होता. मग प्रणितने तो प्रश्न विचारला, जो फायलीत नव्हताच.

“निमंत्रकांची ऑर्डर काय लावू? पहिलं नाव कुणाचं?”

“पहिलं माझंच की,” दयाराम म्हणाले, पण आवाज आधीचा नव्हता. “घरचा मोठा मी. मग शोभा. आयेचं आपण खाली मोठ्या अक्षरात—”

“पयलं माजं,” जनी म्हणाली. “मंग शोभीचं. पोर तिचा हाय, तिनं काडलाय नऊ म्हयनं, तू नाय. मंग तू.”

“आये, लोक काय बोलतील? कर्ता पुरुष तिसरा?”

“लोकांना मटन घाल पोटभर. काय नाय बोलत.”

स्वयंपाकघराच्या दारात शशिकला येऊन उभी राहिली होती. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “प्रणित, आजी सांगते तसं कर.” पुढेमागे आपलीही ओळ कुणाच्या तरी हातात जाणार, हा हिशोब तिने तिथल्या तिथे केला असावा.

प्रणितने बटण दाबलं. शोभा पडद्याशी गेली आणि जनीला वाचून दाखवू लागली. “श्रीमती जनी हिराजी घरत. श्रीमती शोभा जगन घरत.” दुसरी ओळ तिने परत वाचली. मग तिसरी, “श्री. व सौ. शशिकला दयाराम घरत,” हीही नीट, ठणकावून वाचली. कुणाला गाळलं असं म्हणायला जागा नको.

“फोटो तरी माझा मोठा टाक,” दयाराम लेकाला म्हणाले. प्रणितने टाकला. पत्रिकेत जागा होती.

“आणि आमचं घर काढ त्यातून,” मिल्काबाईंनी आठवण केली.

“ऱ्हाऊ द्या की मॅडम,” दयाराम म्हणाले. त्यांना आता कुणाशी तरी उदार व्हायचं होतं. “शमुएलशेठ चांगला माणूस होता. आशीर्वाद देईल.”

“नको. तुमच्या मांडवात त्याचं मन रमलं, तर तो घरी परत येईल, आणि मला पुन्हा त्याचे शर्ट इस्त्री करावे लागतील.”

प्रणितने ओळ काढली. काढण्याआधी त्याने एकदा मिल्काबाईंकडे बघितलं, आणि त्यांनी मान हलवली. मग सगळ्या गावांच्या पत्रिका पहिल्यापासून नव्याने काढल्या. मिल्काबाईंनी एकेक उघडून बघितली, कारण एक बरोबर निघाली म्हणून बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा नसतो. उरणकडची बघितली, पनवेलकडची बघितली, जासईची बघितली. सगळ्यांत जनी पहिली, शोभा दुसरी. दुपारी फायली छापखान्यात गेल्या.

खाली येताना लिफ्टमध्ये शोभाने भावाला फोन लावला. “गाडी नको पाठवूस. नाय, भांडण मिटलं नाय. पण गाडी नको. हळदीला तूच ये, आणि वहिनीला सांग, लवकर या, माझ्याकडे कामं भरपूर आहेत.” फोन ठेवून ती मिल्काबाईंना म्हणाली, “मावशी, कालचा चहा राहिला.”

“कालचा मी प्यायले. आज नवा टाकते.”

शोभा दोन कप प्यायली, आणि दोन्ही वेळा साखर कमी पडली म्हणून तिने सांगितलं.

संध्याकाळी मिल्काबाईंनी वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: घरतांची पत्रिका बघितली. रव्यात पोरकिडे झाले. उद्या उन्हात घालणे.